रस्त्यावरची दुर्मीळ मोटार : नाशिकच्या निमित्ताने

जुनी मोटार आणि दुर्मीळ मोटार या दोन संज्ञा बोलण्यात सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जात असल्या, तरी त्या एक नव्हेत. मोटारीचे वय तिच्या निर्मितीच्या वर्षावरून ठरते. तिची दुर्मीळता मात्र तशा गाड्या किती निघाल्या आणि त्यांतल्या किती टिकल्या यावरून ठरते. एखाद्या संस्थानिकाने विलायतेहून मागवलेली रोल्स-रॉइस शंभर वर्षांची असली, तरी तिचा माग लावणारे अभ्यासक, तिची निगा राखणारे धनिक आणि तिला रांगेत उभी करणारे मेळावे यांच्यामुळे ती सहसा हरवत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी प्रत्येक गल्लीत उभी असलेली साधी गाडी मात्र कोणाच्या ध्यानातही न येता भंगारात जाते, आणि ती गेली हे कळते तेव्हा दाखवायलाही एक उरलेली नसते. म्हणूनच कामावर जाता-येता, बाजारहाट करताना जुन्या गाड्या ओळखण्याच्या छंदाचे खरे क्षेत्र राजवाड्यांच्या मोटारखान्यांत नसून रोजच्या रस्त्यावर आहे. आणि मोटारी वापरणारे तसेच मोटारी घडवणारे शहर असल्यामुळे नाशिक हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते.

मराठी बोलण्यात कोणतीही जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. अभ्यासकांची विभागणी मात्र काटेकोर आहे. ऐतिहासिक वाहनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ साली स्थापन झाला. त्याच्या वर्गवारीत १९०४ पर्यंतची वाहने पूर्वज, १९०५ ते १९१८ मधली व्हेटरन, १९१९ ते १९३० मधली व्हिंटेज आणि १९३१ ते १९४५ मधली उत्तर-व्हिंटेज मानली जातात. युद्धोत्तर काळातल्या, वयाची तिशी ओलांडलेल्या गाड्यांचे पुढे आणखी गट पडतात, आणि त्यांना व्यवहारात ‘क्लासिक’ म्हटले जाते. भारतीय कायद्याने मात्र एकच सोपी रेघ ओढली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ही व्हिंटेज होय. या व्याख्येत गाडी महाग असावी किंवा परदेशी असावी अशी कुठलीही अट नाही, आणि ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर कोणत्या गाड्या आल्या आणि कोणत्या उरल्या, हे समजण्यासाठी या उद्योगाचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली, म्हणजे परदेशातून आलेले सुटे भाग येथे जोडून पूर्ण गाडी बाहेर काढण्याचे काम हाती घेतले. पाठोपाठ फोर्डही आली. म्हणूनच युद्धपूर्व काळातल्या शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या या भागात इतर परदेशी गाड्यांच्या मानाने अधिक आढळत. उद्योगपती बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली, तर वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी राहिली. नाशिक जिल्ह्याला वालचंदांचे नाव परके नाही, कारण मालेगाव तालुक्यातील रावळगावचा साखर उद्योग त्यांनीच १९३३ साली सुरू केला होता. ज्यांच्याकडे येथेच उत्पादन करण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केल्यानंतर दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी काढता पाय घेतला, आणि पुढची तीस वर्षे मोटारींचा बाजार प्रामुख्याने प्रीमियर, हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन कंपन्यांच्या हाती राहिला. नव्या परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली. परकीय वकिलातींनी वापरून सोडलेल्या काही गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि त्या काळातली एखादी मर्सिडीज आज दिसते ती बहुधा याच वाटेने आलेली असते.

पर्याय इतके कमी होते आणि एकच गाडी इतकी वर्षे निघत राहिली, की ‘फियाट’ किंवा ‘अँबॅसेडर’ एवढे ओळखणे पुरेसे ठरत नाही. त्या एका आकारातली पिढी ओळखावी लागते. प्रीमियरने इटलीच्या फियाटकडून परवाना घेऊन १९५०च्या दशकात ११०० या गाडीचे उत्पादन सुरू केले. हौशी मंडळी ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती याच गाडीची पहिली, गोलसर बॉनेटची आणि पुढे आलेल्या नाकाची पिढी. तिची सर्वांत ठळक खूण पुढच्या दारात आहे. त्याची बिजागरी दाराच्या मागच्या कडेला असल्याने दार पुढून मागे उघडते, आणि गाडी वेगात असताना ते चुकून उघडले तर वारा ते आणखी फाकवतो. या धोक्यामुळे अशी दारे पुढे जगभर मागे पडली. १९६०च्या दशकात फियाटला चौकोनी, सरळ रेषांचा आकार मिळाला, आणि १९७०च्या दशकात फियाट हे नाव उतरून तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला गिअर, समोर एकसलग बाकासारखी सीट आणि दाराच्या काचेपुढे वाऱ्यासाठी फिरणारी छोटी तिकोनी काच, ही तिची अंगे दूरवरूनही लक्षात येतात. उत्पादन थांबल्यावरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने पद्मिनीला जगवले. पण टॅक्सीच्या वयोमर्यादेच्या नियमामुळे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या शेवटी रस्त्यावरून उतरली. सर्वांत सर्रास दिसणाऱ्या गाडीचा दुर्मिळतेकडे होणारा प्रवास यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच नोंदला गेला असेल.

अँबॅसेडरची वंशावळ तिच्या तोंडावर लिहिलेली असते. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवर बेतलेली ही मोटार १९५८ ते २०१४ अशी अर्धशतकाहून अधिक काळ निघाली आणि तिचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाही. बदलत गेली ती पुढची जाळी. १९६०च्या दशकात आलेल्या मार्क टूची जाळी बारीक चौकड्यांची आहे. १९७५च्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या आणि गोल पार्किंग दिवे आहेत, तर १९७९च्या मार्क फोरमध्ये पुन्हा चौकड्या येतात, पण त्यांच्यासोबत चौकोनी दिवे दिसतात. गिअर स्टिअरिंगजवळ नसून दोन सीटांच्या मध्ये जमिनीवर असेल, तर ती बहुधा १९९२ नंतरची, जपानी इसुझूचे इंजिन बसवलेली गाडी असते. स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या या दोहोंपेक्षा कितीतरी कमी उरल्या आहेत. १९६१ साली आलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे बॉनेट उघडले की मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचा संपूर्ण पुढचा भाग समोर कलतो, त्यामुळे दुरुस्तीसाठी उभी असलेली हेरल्ड लांबूनही ओळखू येते. तिच्यानंतरची गॅझेल तर आज दिसली तरी बहुतेकांना तिचे नाव सांगता येत नाही.

मारुती ८०० ही गाडी अजून पुष्कळ दिसते, आणि म्हणूनच तिच्यातली दुर्मीळ पिढी डोळ्यांसमोरून निसटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाला सुपूर्द झालेली पहिली मारुती आणि १९८६ पर्यंत निघालेल्या तिच्या सगळ्या बहिणी या सुझुकीच्या ‘एसएस ८०’ या आराखड्याच्या होत्या. त्यानंतर आकार बदलला आणि २०१४ पर्यंत तोच नवा आकार चालत राहिला. पहिल्या पिढीचा चेहरा अधिक चौकोनी आहे, परंतु खात्रीची खूण मागच्या बाजूला सापडते. तिला पूर्ण उघडणारे मागचे दार नाही, फक्त मागची काच वर उचलली जाते, आणि सामान त्या काचेच्या चौकटीवरून आत ठेवावे लागते. भारतात २५ लाखांहून अधिक मारुती ८०० विकल्या गेल्या, त्यांत या पहिल्या अडीच-तीन वर्षांतल्या गाड्यांचा वाटा अगदीच लहान होता, आणि त्या काळात गंजरोधक प्रक्रियाही आजच्याइतकी पुढारलेली नसल्याने त्यांतल्या बहुतेकींचा पत्रा सडला. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली अशी मारुती ही हेरल्डइतकीच महत्त्वाची नोंद आहे, फक्त ती तशी वाटत नाही.

आकारापाठोपाठ नंबरपाटी वाचावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा क्रमांक अशी आजची रचना रूढ झाली. तिच्यात नाशिकच्या वाट्याला ‘एमएच १५’ आणि पुढे मालेगावच्या वाट्याला ‘एमएच ४१’ आले. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरे आणि चार आकडे अशी पद्धत होती. जुन्या मुंबई राज्यात ही अक्षरे ‘बी’ने सुरू होत आणि १९६० नंतर महाराष्ट्रात ती ‘एम’ने सुरू होऊ लागली, त्यामुळे पाटीवर असा तीन अक्षरी क्रमांक दिसला की गाडी १९८९ पूर्वीची आहे हे निश्चित समजावे. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून पाटीवरून गाडीचे पहिले ‘पासिंग’ कुठले हे कळते, ती सध्या कुठे राहते हे कळत नाही. उलट परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला येथे नवा क्रमांक मिळतो, आणि मग चाळीस वर्षांच्या अँबॅसेडरवर अलीकडच्या मालिकेतली दोन अक्षरे दिसतात. जुन्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा पाट्या बसवल्या जात असल्याने हाताने रंगवलेल्या पाट्या झपाट्याने कमी होत आहेत, तेव्हा पाटीचा नवेपणा पाहून गाडीला नवी समजू नये. वाचायचा तो क्रमांक.

नाशिकमध्ये जुन्या गाड्या टिकण्यास भूगोलाचे साहाय्य आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या पूर्वेस वसलेले आहे. मुंबईत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नाशिक शहरात तो साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू पुरेसे असले तरी हवेतल्या खारामुळे ती क्रिया वेग घेते, आणि समुद्रापासून दूर असल्यामुळे तो खार येथे जवळजवळ नसतो. दारांचा खालचा काठ, मडगार्डच्या आतली कड आणि दारांखालची लांब पट्टी या ठिकाणी पाणी साचून पत्रा आधी सडतो. किनाऱ्यावर आयुष्य काढलेली आणि घाटावर वाढलेली एकाच वर्षाची पद्मिनी शेजारी उभ्या केल्या, तर फरक याच जागी दिसतो. मुंबई-आग्रा महामार्गावर असल्यामुळे मुंबईत नोंदलेल्या गाड्या येथे सहज येत राहिल्या, आणि देवळालीच्या कोरड्या हवेसाठी बांधलेल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात गाडी झाकून ठेवायला जागाही मिळाली, ही आणखी दोन कारणे.

देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिकरोडचे तोफखाना केंद्र यांच्यामुळे लष्करी वंशाच्या वाहनांनाही या परिसरात वेगळे स्थान आहे. वापरातून काढलेली लष्करी वाहने लिलावाने विकली जातात, आणि त्यातून नागरी रस्त्यावर आलेल्या गाड्यांत ‘जोंगा’ सर्वांत लक्षवेधी आहे. निस्सानच्या आराखड्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून बनलेल्या या गाडीचे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यातील आद्याक्षरांवरून पडले. जीपच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी, कारण जवळजवळ प्रत्येक जुन्या जीपला ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणण्याची प्रथा आहे. महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या हे खरे. परंतु भारतात दिसणाऱ्या बहुसंख्य जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलिसच्या परवान्याने तयार केलेल्या आहेत. ओळख पटवण्यासाठी तीन जागा पाहाव्यात. पुढच्या जाळीत उभ्या फटी नऊ असतील तर आराखडा युद्धकालीन, सात असतील तर नागरी. मागे उघडणारी फळी असेल आणि जादा चाक बाजूला टांगलेले असेल तर तीही नागरी जीपची खूण, कारण युद्धातल्या जीपला फळी नव्हती आणि चाक मागे होते. बॉनेट दिव्यांपेक्षा बरेच उंच असेल, तर तिच्यात १९५३ साली आलेले, आत येणाऱ्या हवेच्या झडपा माथ्यावर असल्यामुळे उंच झालेले इंजिन आहे, आणि तशी जीप महायुद्ध संपल्यावर निदान आठ वर्षांनी जन्मलेली असते.

इथपर्यंतच्या गाड्या नाशिकला आलेल्या होत्या. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातून निघालेल्या गाड्या येथेच घडल्या. महिंद्रा आणि फोर्ड यांच्या भागीदारीतून १९९६ साली आलेली फोर्ड एस्कॉर्ट ही मोटार नाशिकला बनत असे. फोर्डने पुढे चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना उभारला, तेथून १९९९ साली आयकॉन आली आणि एस्कॉर्ट लवकरच बंद पडली. संशोधन विभागाचे मोठे काम नाशिकला करून महिंद्राने जून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आणली, आणि २००७ साली फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या भागीदारीत लोगान ही मोटार येथून निघू लागली. ती भागीदारी २०१० मध्ये संपली आणि पुढच्या वर्षी तीच गाडी व्हेरिटो झाली. त्यामुळे जाळीवर रेनोचे समचतुर्भुज चिन्ह असलेली लोगान ही केवळ तीन-चार वर्षांच्या काळाची साक्ष आहे. या तिघींपैकी स्कॉर्पिओ अजून भरपूर दिसते, पण २००२ सालची, मूळ दिवे आणि मूळ बंपर शाबूत असलेली स्कॉर्पिओ दिसणे कठीण झाले आहे, आणि एस्कॉर्ट तर ज्या शहरात बनली तेथेही शोधावी लागते.

एस्कॉर्ट इतक्या लवकर का संपली आणि तिच्याहून जुनी पद्मिनी का उरली, याचे उत्तर सुट्या भागांत आहे. पद्मिनी आणि अँबॅसेडर यांचे भाग दशकानुदशके बदलले नाहीत. ते टॅक्सीच्या गरजेमुळे गावोगाव मिळत राहिले आणि साध्या फिटरलाही त्या गाड्या खोलता-जोडता आल्या. कमी संख्येने आणि कमी वर्षे निघालेल्या गाडीचे भाग तयार करणे कोणालाच परवडत नाही, म्हणून एक गाडी चालू ठेवण्यासाठी दुसरी मोडावी लागते. दहा गाड्यांपैकी चार वाचवण्यासाठी सहा खर्ची पडतात, आणि भंगार बाजार हाच तिचा कारखाना होतो. अंबड लिंक रोडवर वर्षानुवर्षे भरणारा आणि २०१७ साली महापालिकेने हटवलेला भंगार बाजार हे अशा देवघेवीचे ठिकाण होते.

टिकलेली गाडी अस्सल आहे का, हा प्रश्न त्यानंतर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाही, तरीही पद्मिनीत दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन, जीपवर रुंद टायर, अँबॅसेडरला नवे दिवे असे फेरफार सर्वत्र आढळतात. काळाच्या ओघात झालेल्या दुरुस्त्या हाही गाडीच्या इतिहासाचा भाग असल्याने अशी गाडी टाकाऊ ठरत नाही, पण नोंद करताना मूळ काय आणि नंतरचे काय हे वेगळे लिहावे. दिव्यांच्या काचेवर उमटवलेले कंपनीचे नाव, खिडकीच्या कोपऱ्यातला काच-कारखान्याचा शिक्का आणि दारांच्या फटींची समान रुंदी या तीन गोष्टी बाहेरूनच पाहता येतात आणि पुष्कळ सांगून जातात.

नोंद ठेवण्याची रीत सोपी असावी. दिनांक, भाग, गाडीचे नाव व पिढी, क्रमांकाची मालिका, मूळ आणि बदललेली अंगे, आणि गाडी चालती होती की उभी, एवढे लिहिले तरी पुरते. पूर्ण क्रमांक आणि घराचा पत्ता चारचौघांत प्रसिद्ध करू नये. उभ्या गाडीला हात लावण्याआधी किंवा आवारात शिरण्याआधी मालकाला विचारावे, आणि बहुतेक मालक अशा विचारपूसीने खूशच होतात. जागांपैकी देवळाली कॅम्प आणि लॅम रोड, पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या पेठा, द्वारका परिसरातली गॅरेजे आणि पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा परिसर ही ठिकाणे विशेष फलदायी ठरतात. शेवटचे अशासाठी की, नोंदणीच्या नूतनीकरणाकरिता जुन्या गाड्यांना तेथे यावेच लागते.

या नूतनीकरणातच दुर्मिळतेचे सर्वांत मोठे कारण दडलेले आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिची तपासणी होऊन मुदत वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि पर्यावरण कर त्याहून वेगळा. पन्नाशी ओलांडल्यावर तीच गाडी व्हिंटेज म्हणून दहा वर्षांच्या नोंदणीस पात्र ठरते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि प्रदर्शन, मेळावा, इंधन, देखभाल अशा कारणांपुरती ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे १५ व्या वर्षापासून गाडी ओझे बनते आणि ५० व्या वर्षापासून ठेवा. मधल्या ३५ वर्षांत तिला उपयोगाचेही पाठबळ नसते आणि प्रतिष्ठेचेही. १९७५ची मार्क थ्री अँबॅसेडर ही दरी ओलांडून पलीकडे पोहोचली आहे. पहिल्या तुकडीतली मारुती २०३३च्या अखेरीस, सातपूरची पहिली एस्कॉर्ट २०४६ मध्ये आणि पहिली स्कॉर्पिओ २०५२ मध्ये पन्नाशी गाठील. त्या त्या वर्षी मेळाव्यात उभी करायला नाशिककरांजवळ नाशिकला घडलेली गाडी असेल की नाही, हे आज ती वीस-तीस वर्षांची असताना तिला कोणी ओळखले, भंगारवाल्याआधी कोणी विचारले आणि तिचे मूळ दिवे कोणी बदलू दिले नाहीत, यावर ठरणार आहे.